साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी: दोन सर्टिफिकेटं, जवळजवळ एकच किंमत. कुठल्या कागदावर भरवसा ठेवू? (सांगली)

कुपवाडचा_अभियंता

नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, राहायला विश्रामबागला. मार्गशीर्षात माझा साखरपुडा आहे, कराडला. तिच्यासाठी अंगठी घ्यायचीय. दोघांनी मिळून ठरवलंय की एकच हिरा, साधी घडण, पिवळं सोनं, १८ कॅरेट. आमच्या घरात हिरा पहिल्यांदाच येतोय. सोनं घेताना आई भाव विचारते, वजन काट्यावर बघते, घडणावळीवर घासाघीस करते आणि काम होतं. हिऱ्यात तसं काहीच हाताला लागत नाही. सगळं येऊन थांबतं त्या सर्टिफिकेटवर, आणि तेच मला वाचता येत नाही.

सगळं धरून बजेट दीड लाख. तीन हिरे बघून आलोय.

पहिला, सराफ कट्ट्यावरच्या एका दुकानात. जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट. गोल, ०.५१ कॅरेट, रंग जी, क्लॅरिटी (आतला स्वच्छपणा) व्हीएस-२, कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट, फ्लोरोसन्स (जांभळ्या दिव्याखाली चमकणं) फेंट, म्हणजे किंचित. माप ५.१२–५.१५ × ३.१८ मिमी. हिरा सुटा आहे, नुसत्या हिऱ्याचे १,१२,००० सांगितले.

दुसरा, दुसऱ्या एका दुकानात. सोबत एटीएम कार्डासारखं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर अंगठीचा फोटो. लॅबचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, इथं लिहीत नाही. गोल, ०.६०, रंग एफ, व्हीव्हीएस-२, कट व्हेरी गुड. माप ५.२८–५.३१ × ३.४० मिमी. फ्लोरोसन्सचा रकानाच नाही. हिऱ्याचे १,१५,००० धरलेत. अंगठीत बसवलेलाच मिळतो.

तिसरा कोल्हापुरात, लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला. आयजीआय नावाच्या लॅबचा रिपोर्ट, १.०१ कॅरेट, रंग ई, व्हीएस-१, ३८,०००.

दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं, "हिरा वजनानं मोठा, रंगानं वरचा, क्लॅरिटीनं वरचा. जीआयएच्या नावाचे जादा पैसे कशाला मोजता?" कागदावर बघितलं तर त्याचं बरोबर वाटतं. पण मन घेत नाही. जाणकारांनी सांगावं, हे कागद एकमेकांशी तोलायचे कसे?

अजिंक्यतारा_पायथा

दादा, आधी अभिनंदन. आम्ही साताऱ्यात, दोन वर्षांपूर्वी आमच्या साखरपुड्याला लॅबग्रोनच घेतला. पाऊण कॅरेटचा आहे, आयजीआयचा कागद आहे. मी तो रोज घालते, भांडी घासतानाही काढत नाही, आणि अजून कुणी जवळ येऊन "हा जमिनीतला का मशिनीतला" असं विचारलेलं नाही. घेतानाच दुकानदारानं स्पष्ट सांगितलं होतं की परत आणला तर सोन्याचे पैसे मिळतील, हिऱ्याचे नाही. ते मान्य करून घेतला, त्यामुळं मनात काही राहिलं नाही. तुमची आणि वहिनींची तशी तयारी असेल तर उरलेल्या लाखभर रुपयांत बरंच काही होतं. सर्टिफिकेटातलं मला जास्त कळत नाही, इथं एक मिरजेच्या ताई आहेत, त्या नक्की सांगतील.

मिरजेची_असॉर्टर

दादा, लग्नाआधी मी मुंबईत बीकेसीतल्या एका कंपनीत हिऱ्यांच्या असॉर्टिंगला, म्हणजे प्रतवारी लावायला, होते. दिवसभर चिमटा, आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) आणि पांढरा कागद. आता मिरजेत असते, धंद्याशी देणंघेणं नाही, म्हणून कुठलं दुकान सुचवणार नाही. पण तुमचा प्रश्न अगदी नेमक्या जागेवर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही दोन कागद शेजारी ठेवून एफ विरुद्ध जी, व्हीव्हीएस विरुद्ध व्हीएस अशी तुलना करताय. ती तुलना एकाच लॅबच्या दोन कागदांत चालते, दोन वेगळ्या लॅबच्या कागदांत चालत नाही. जीआयए ही संस्था १९३१ पासूनची. डी ते झेड ही रंगाची पट्टी त्यांनी १९५० च्या दशकात आणली. त्याआधी बाजारात ए, डबल ए, ट्रिपल ए असे शिक्के ज्याच्या त्याच्या मर्जीनं चालायचे, म्हणून नव्या पट्टीची सुरुवात मुद्दाम डी पासून केली. डी सगळ्यात बिनरंगी, झेडकडं रंग वाढत जातो. पण ही अक्षरं आता सगळ्यांचीच झालीत. कुणीही लॅब काढावी आणि कार्डावर एफ छापावं. एकाच पोराचा पेपर एका कडक मास्तरांनी तपासला आणि दुसऱ्या सढळ हाताच्या मास्तरांनी, तर मार्क वेगळे पडणारच. पोरगं मात्र तेच असतं.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. ईजीएल नावाचे रिपोर्ट एकेकाळी जगभर चालायचे. त्यांच्या काही शाखा जीआयएपेक्षा कित्येक पायऱ्या वरचा ग्रेड देतात यावरून इतका ओरडा झाला की २०१४ च्या ऑक्टोबरपासून रॅपनेट या व्यापाऱ्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजारानं ईजीएलच्या रिपोर्टवरचे हिरे यादीत घेणंच बंद केलं. रोज हिरे घेणाऱ्या-विकणाऱ्यांनीच तो कागद नाकारला.

आता तुमचा दुसरा हिरा. जीआयएनं ज्याला एफ आणि व्हीव्हीएस-२ म्हटलंय असा ०.६० चा हिरा तुमच्या ०.५१ जी व्हीएस-२ पेक्षा बऱ्याच चढ्या भावाला जातो. वजन जास्त, रंग एक पायरी वर, क्लॅरिटी दोन पायऱ्या वर. त्या फरकापुढं लॅबची फी किरकोळ असते, आणि जीआयएची लॅब मुंबईतच आहे. हा हिरा तिथं एफ मिळवण्याच्या लायकीचा असता तर दुकानात यायच्या आधीच कुणीतरी पाठवला असता. सुरतेतून मुंबईत आणि मुंबईतून सांगलीत येईपर्यंत हिरा तीन-चार हातांतून जातो, आणि ते सगळे हात पैसा ओळखणारे असतात. तो जीच्या भावात विकायला निघाला, म्हणजे त्या हातांनी त्याला एफ धरलेलं नाही. दुकानदार म्हणतात तुम्ही जीआयएच्या नावाचे जादा पैसे देताय. मी म्हणेन, दुसऱ्या कार्डावरच्या एफचे पैसे बाजारानं आधीच कापून घेतलेत आणि तुम्हाला तो एफ म्हणूनच दाखवला जातोय.

मापं लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण मापात मत नसतं. पहिल्या हिऱ्याचा व्यास साधारण ५.१३ मिमी, उंची ३.१८. उंचीला व्यासानं भागा, ६२ टक्क्यांच्या आसपास येतं. गोल हिऱ्याला हे चांगलं. दुसऱ्याचा व्यास ५.३० च्या आत, उंची ३.४०, म्हणजे ६४ टक्क्यांच्या वर. हिरा खोल आहे. नीट कापलेला ०.६० चा हिरा वरून ५.४ मिमी दिसायला हवा. इथं तुम्ही ०.०९ कॅरेट जास्त घेताय आणि बोटावर दिसायला मिळतंय मिलिमीटरचा सहावा हिस्सा. उरलेलं वजन पोटात आणि कडेच्या जाडीत गेलंय. कारागीर असं का करतो? कच्च्या खड्यातून जास्तीत जास्त वजन वाचवायचं असतं, आणि ०.६० हा आकडा सांगायला बरा वाटतो. ०.३०, ०.५०, ०.७०, १.०० या आकड्यांना तर भावाची उडीच असते, त्यामुळं त्या आकड्यांवर नेमके बसवलेले जाडे हिरे बाजारात खूप दिसतात. तुमच्या पहिल्या दुकानात ०.४७-०.४८ चा चांगल्या कटचा मिळाला तर जरूर बघा. डोळ्याला फरक कळणार नाही, खिशाला कळेल.

दुसरी गोष्ट, बसवलेला हिरा. जीआयए ग्रेड फक्त सुट्या हिऱ्याला देते. अंगठीत बसल्यावर हिरा धरणाऱ्या काट्यांखाली काय दडलंय ते दिसत नाही, पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात उतरते, आणि वजन काट्यावर न करता मापावरून काढावं लागतं. म्हणून प्रामाणिक लॅब बसवलेल्या दागिन्याला एकच अक्षर न देता जी-एच, व्हीएस-एसआय असा पट्टा देते. कार्डावर अंगठीचा फोटो आहे आणि वर एफ, व्हीव्हीएस-२ असा ठाम ग्रेड, हे दोन्ही एकत्र बघितलं की मी तरी थांबते. हिरा बसवण्याआधी तपासला की नंतर, ते दुकानदारांना विचारा.

आता पहिल्या हिऱ्याकडं या, कारण जीआयएचा कागद आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचा नाही. रिपोर्टात न लिहिलेल्या दोन गोष्टी आमच्या असॉर्टिंगमध्ये सगळ्यात आधी बघायचो: हिरा दुधी आहे का, आणि त्यात तपकिरी किंवा हिरवट झाक आहे का. डी ते झेड ही पट्टी रंग किती आहे ते सांगते, कुठल्या छटेचा ते नाही. जी म्हटलेल्या दोन हिऱ्यांपैकी एकात किंचित पिवळं असतं, दुसऱ्यात किंचित तपकिरी. बाजारात तपकिरी झाकेच्या हिऱ्याला भाव कमी. दुधीपणाला तर रिपोर्टात वेगळा रकानाच नाही. शेवटी बारीक अक्षरात कॉमेंट्स असतात, ते आवर्जून वाचा. "क्लॅरिटी ग्रेड न दाखवलेल्या क्लाउड्सवर आधारित" अशा अर्थाचं वाक्य असेल तर हिरा उन्हात नीट बघितल्याशिवाय घेऊ नका. क्लाउड म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांचा पुंजका. तो पसरट असला की हिऱ्याचा जीव जातो, आणि ग्रेड मात्र ठीकठाक राहतो.

बघायचं कसं ते सांगते. दुकानातल्या फोकसखाली कुठलाही हिरा चमकतो, तिथून बाजूला व्हा. काउंटर सोडून दाराजवळ, उजेडात या. पांढऱ्या व्हिजिटिंग कार्डाला मधोमध घडी घाला, त्या घडीत हिरा पालथा ठेवा, म्हणजे टेबल (हिऱ्याचा वरचा सपाट भाग) खाली आणि टोक वर. आता बाजूनं बघा. रंग असा दिसतो. वरून बघितलं तर चमक डोळ्यांना फसवते. शेजारी त्याच मापाचा दुसरा जी किंवा एच ठेवायला सांगा. एकट्या हिऱ्याचा रंग कुणालाच सांगता येत नाही, आम्हालाही येत नव्हता, शेजारी मास्टर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले हिरे, लागायचेच. दुधी हिरा असेल तर दोघांत लगेच उमगतं: एक पाण्यासारखा स्वच्छ, दुसऱ्यावर पातळ सायीसारखं काहीतरी.

फ्लोरोसन्स फेंट आहे, त्याची चिंता नको. दुसऱ्या हिऱ्याचा रकानाच नाही म्हणता, तर दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली धरायला सांगा. लख्ख निळा पेटला तर फ्लोरोसन्स स्ट्राँग. हिरा त्यामुळं वाईट ठरत नाही, बहुतेकांत फरक दिसतही नाही, पण भाव कमी होतो आणि तो भाव तुम्हाला कमी करून मिळायला हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कागद खरा असून उपयोग नाही, तो याच हिऱ्याचा आहे का ते बघा. अर्ध्या कॅरेटच्या आसपासच्या जीआयएच्या छोट्या रिपोर्टाला, ज्याला डॉसियर म्हणतात, हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरनं रिपोर्ट नंबर कोरलेला असतो. दहा पटीचा आयग्लास मागून घ्या. आयग्लास डोळ्याला अगदी चिकटवा, हिरा चिमट्यात टेबल आणि टोक धरून आडवा पकडायला सांगा, आणि हिराच डोळ्याजवळ आणत या. आधी कडा धूसर दिसेल, मग एका अंतरावर ती करवतीच्या पात्यासारखी स्वच्छ होते. आता दुकानदारांना हिरा सावकाश फिरवू द्या. नंबर एकदम दिसत नाही. उजेड नेमक्या कोनातून आला की राखाडी, केसाहून बारीक अक्षरं उमटतात आणि हिरा जरा हलला की परत जातात. घाई करू नका. एकेक आकडा कागदाशी जुळवा, मग तोच नंबर जीआयएच्या वेबसाइटवर रिपोर्ट चेकमध्ये घालून तिथलं वजन आणि मापंही जुळवा. खोटे नंबर कोरलेले लॅबग्रोन हिरे नैसर्गिक म्हणून लॅबमध्ये आल्याचं खुद्द जीआयएनं जाहीर केलंय. म्हणून नंबर जुळला एवढ्यावर थांबू नका, मापंही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत जुळली पाहिजेत. दुकानात मापायचं गेज असतं, मागा.

व्हीव्हीएसचा मोह सोडा. व्हीएस-२ मधला दोष दहा पटीच्या भिंगाखालीही शोधावा लागतो. तुमच्या बोलण्यातून ही अंगठी रोज घालायची दिसते, तर पैसे कटमध्ये घाला. सोनं पिवळं आहे, त्यामुळं एच रंगसुद्धा चालेल.

माझं मत विचाराल तर पहिला. अट एकच: दाराजवळच्या उजेडात तो स्वच्छ दिसला पाहिजे.

लॅबग्रोनबद्दल थोडंच. तोही खराच हिरा, तोच कार्बन, तीच कठीणता. दुकानातलं पेनसारखं टेस्टर दोघांनाही हिराच म्हणतं, त्यामुळं "मशीनवर तपासून दाखवतो" याला त्याबाबतीत अर्थ नाही. आयजीआय १९७५ ची अँटवर्पची लॅब, लॅबग्रोनचं बहुतांश काम तिच्याकडंच जातं. नंबरात एलजी असतं आणि गर्डलवर लॅबग्रोन असं कोरलेलं असतं. जीआयएनं मात्र २०२५ च्या ऑक्टोबरपासून लॅबग्रोनला डी, ई, व्हीएस असे ग्रेड देणं थांबवलं आणि प्रीमियम व स्टँडर्ड अशा दोनच पायऱ्या ठेवल्या. म्हणून तिसऱ्याचा ई आणि पहिल्याचा जी यांची तुलना करू नका. ते दोन वेगळे बाजार आहेत.

गलाई_खानापूर

मिरजेच्या ताईंनी सगळं लाखमोलाचं सांगितलंय. मी विट्याकडचा, घरात तीन पिढ्या गलाईचं, म्हणजे सोनं आटवायचं, काम, सध्या तमिळनाडूत दुकान आहे. आमच्याकडं जुने दागिने आटवायला येतात. सोनं आटलं की टंच (शुद्धता) काढतो आणि भावाप्रमाणं पैसे देतो, त्याला कागद लागत नाही. त्याच दागिन्यातले हिरे काढून पुडीत बांधून परत देतो, तेव्हा लोक विचारतात, "याचे किती?" आणि तिथं आम्हाला गप्प बसावं लागतं. ज्याच्याकडं जीआयएचा मूळ कागद असतो त्याचा हिरा निदान कुणीतरी बघायला तरी घेतो. कागद नसेल किंवा अनोळखी लॅबचा असेल तर आधी पुन्हा तपासणी, मग बोलणी, आणि बोलणी खालच्याच आकड्यापासून. कागद असला तरी घेतलेल्या भावात हिरा परत जात नाही, हे मनाशी धरून घ्या. पावणं, हा दागिना आहे, ठेव नाही.

दोन कामाच्या गोष्टी. बिलावर सोन्याचं नक्त वजन वेगळं आणि हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये वेगळं पाहिजे. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, तुमचा अर्धा कॅरेटचा हिरा म्हणजे १०० मिलिग्रॅम. तेवढं सोन्यात धरलं तर हिऱ्याचे पैसे दोनदा द्याल. आणि बिलावर रिपोर्ट नंबर लिहून घ्या, नुसतं "एक हिरा जी-व्हीएस" असं नको. परत घेण्याची अट तोंडी सांगतात, तीसुद्धा त्याच बिलावर शिक्क्यासकट.

माझ्या पुतण्याच्या अंगठीचं माप वाढवायला एका दुकानात दिली होती. देताना नंबर बघितला नव्हता, परत आल्यावर बघितला तर कागदाशी जुळेना. भांडायला हातात काहीच नव्हतं. म्हणून माप वाढवायला, पॉलिशला, कशालाही अंगठी दिली तर देतानाही नंबर बघा आणि घेतानाही बघा, दुकानदाराच्या समोर.

हरभट_रोड

मध्येच विचारतो. अंगठीवर हॉलमार्क असला की हिरापण तपासलेला असतो ना? आमच्या दुकानदारानं तसंच सांगितलं होतं.

गलाई_खानापूर

नाही. हॉलमार्क फक्त सोन्याचा. आत बघा, बीआयएसचा त्रिकोण, १८ कॅरेटला १८के७५० आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर घातला की सोन्याची माहिती येते. त्यात हिऱ्याच्या रंगाची, क्लॅरिटीची हमी नाही. हिऱ्याला हिऱ्याचा कागद वेगळा लागतो.

कुपवाडचा_अभियंता

ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं सगळं वहीत लिहून घेऊन आज पुन्हा दोन्हीकडं जाऊन आलो. तीही कराडहून आली होती.

दुसऱ्या दुकानात विचारलं, हिरा बसवण्याआधी तपासला की नंतर. ते म्हणाले नंतर. मग म्हटलं, हिरा काढून जीआयएला पाठवा, एफ आणि व्हीव्हीएस-२ आला तर लॅबची फी माझी, वर पाच हजार जास्त देतो. ते नको म्हणाले. वाद काही झाला नाही, चहा घेऊन निघालो.

पहिल्या दुकानात हिरा दारात नेऊन बघितला. कार्डाची घडी, शेजारी एच, सगळं केलं. स्वच्छ आहे. नंबर वाचायला बराच वेळ लागला पण वाचला, तिनंही वाचला. वेबसाइटवर जुळला. गेजवर ५.१३ आलं. कॉमेंट्समध्ये क्लाउडचं काही नाही.

मी बिल करायच्या बेतात होतो, आणि तिनं ट्रेमधला एक ओव्हल, म्हणजे लंबगोल हिरा, उचलला. बोटावर ठेवला आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता गोल नाही. दुकानदारांकडं दोन ओव्हल आहेत, दोन्ही जीआयए, दोन्ही ०.५० च्या आसपास, एक जी व्हीएस-१, एक एच व्हीएस-२. ते म्हणतात दोन्ही "ट्रिपल एक्स", म्हणजे कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट, आहेत. रिपोर्टात पॉलिश एक्सलंट, सिमेट्री व्हेरी गुड एवढंच दिसतंय, कटचा रकाना नाही. हे काय प्रकरण आहे?

मिरजेची_असॉर्टर

तुम्ही नीट वाचलंत. जीआयए कटचा ग्रेड फक्त गोल हिऱ्याला देते, तोही २००६ पासून. ओव्हल, पेअर, कुशन यांना पॉलिश आणि सिमेट्री असते, कट नसतो. म्हणून जीआयएच्या कागदावर ओव्हल ट्रिपल एक्स असूच शकत नाही. दुकानदारांना सवयीनं तोंडात बसलेला शब्द असेल, पण त्या शब्दाचे पैसे देऊ नका.

ओव्हलमध्ये कागदाची ताकद निम्मी होते आणि तुमच्या डोळ्याची दुप्पट लागते. हिरा वरून बघा. मधोमध आडवी, फुलपाखराच्या पंखांसारखी काळपट सावली दिसते, तिला बो-टाय म्हणतात. थोडी जवळपास प्रत्येक ओव्हलमध्ये असते. हात हळूहळू फिरवल्यावर ती हलत राहिली, मध्येच उजळली तर चालेल. काहीही केलं तरी तिथंच काळी बसून राहिली तर तो हिरा ठेवून द्या, मग व्हीएस-१ असो की अजून काही. हे कुठल्याच रिपोर्टात लिहून येत नाही.

लांबीला रुंदीनं भागा. १.३५ ते १.५० च्या दरम्यान बहुतेकांच्या डोळ्याला बरं वाटतं, पण इथं वहिनींची आवड चालेल, त्यात चूक-बरोबर नाही. दोन्ही टोकं सारखी गोल आहेत का ते बघा, एक टोक किंचित निमुळतं असेल तर बसवल्यावर जास्त खटकतं. ओव्हलच्या टोकांना रंग जरा जास्त साठतो, म्हणून एच घेताना टोकं मुद्दाम बघा. पिवळ्या सोन्यात तोही खपून जाईल असं मला वाटतं. आणि ओव्हल गोलापेक्षा त्याच वजनात मोठा दिसतो, तो फायदा तुमचाच.

बसवायला देताना कारागिराला सांगा की काटा कोरलेल्या नंबरावर येऊ देऊ नका, नंतर वाचायला मोकळा राहिला पाहिजे. तोपर्यंत दोन्ही ओव्हलची लांबी, रुंदी, उंची आणि कॉमेंट्सची ओळ इथं टाका, मी रात्री बघून सांगते.